मध्यंतरापर्यंतचा जाणकार

मधली दोन-अडीच वर्षं मी एकही पिक्चर पूर्ण बघितला नाही. हे वाक्य लिहायला मला दोन-अडीच वर्षं लागली, कारण याच काळात आमच्या सगळ्या गोतावळ्यात पिक्चरमधला जाणकार म्हणून माझी ख्याती झाली.

भानगड समोशाची आहे. मी नांदेडला एका शाळेत क्लार्क. शनिवारी शाळा सकाळची असते, म्हणून दुपारच्या खेळाला जातो. मध्यंतरात समोसा खातो. समोसा पोटात गेला की दहा मिनिटांत डोळे मिटतात, आणि डोळे मिटले की मी घोरतो. एकदा पुढच्या रांगेतल्या माणसानं मागं वळून मोबाईलवर माझं घोरणं रेकॉर्ड केलं आणि नंतर मलाच ऐकवलं. पडद्यावर तेव्हा म्हणे नायिकेचा बाप मरत होता. तेव्हापासून मी समोसा खातो आणि सरळ घरी येतो. समोसा सोडणं हा दुसरा उपाय होता, तो मला सुचला नाही.

घरी आलो की फोनवरच्या घरच्या ग्रुपवर बोलून पाठवतो. लातूर, चाकूर, उदगीर, देगलूर, जिथं जिथं आमचं माणूस आहे तिथं ते ऐकलं जातं. प्रश्न एकच असतो, "लेकी-सुनांसोबत बसून बघता येतो का?" याला कारण चाकूरजवळच्या आमच्या अक्काचे यजमान, म्हणजे आमचे दाजी. एकदा ते जीप करून सगळं घर घेऊन लातूरला पिक्चर बघायला गेले. तिसऱ्याच गाण्यात पडद्यावर असं काही सुरू झालं की दाजी उठले, सून उठली, आणि अंधारात दोघं एकमेकांना वाट देत देत, खाली माना घालून बाहेर आले. त्या दिवशी दाजींनी ठरवलं की पाव्हण्याचं मत आल्याशिवाय जीप सांगायची नाही. पाव्हणा म्हणजे मी.

मतं द्यायला मी कधी कमी पडलो नाही. दक्षिणेतून भाषांतर होऊन आलेला एक होता, त्यात नायकानं एक ठोसा मारला की सात जीपा उडतात. मी सांगितलं, हाणामारी चोख, पण गडी तोंड धुतो तेही इतकं सावकाश की आपल्याला वाटतं नळाला पाणी येईना. पुण्याकडचा एक मराठी होता. त्यात चार जण एका स्वयंपाकघरात उभं राहून कॉफी पितात आणि नाती दुरुस्त करतात. मी सांगितलं, स्वयंपाकघर आपल्या गोठ्याएवढं आहे, बायकांना दाखवू नका, घरी येऊन मागतील. एक ऐतिहासिक होता, त्यात सगळे ओरडून बोलतात, शेजारी झोपलेलं माणूस उठवायलासुद्धा. फोनवर आठ भागांची एक मालिका पाहिली. त्यात इतका अंधार, की काचेत मला माझंच तोंड दिसत राहिलं आणि खुनी मीच असेन असं वाटू लागलं. यातला कुठलाही शेवटपर्यंत पाहिला नव्हता. पण मी काय म्हणतो, हंडीतलं एक शीत दाबलं की झालं ना?

नाही झालं. एक भुताचा पिक्चर आला होता. मध्यंतरापर्यंत नुसती धमाल. मी ग्रुपवर सांगून टाकलं, "नावाला भूत आहे, दिसत कुठंच नाही. लेकरं बिनधास्त न्या." भूत मध्यंतरानंतर आलं. देगलूरच्या चुलतभावाची दोन लेकरं आठ दिवस लाईट लावून झोपली आणि धाकट्यानं गादी ओली केली. चुलतभावानं फोन केला तेव्हा मी म्हणालो, "अरे, भूत असं अंगावर येतं म्हणून पिक्चर चांगला म्हणालो." तेवढ्यावर निभावलं. तेव्हाच मी शहाणा व्हायला पाहिजे होतं.

बायकोला सगळं माहीत होतं. ती म्हणायची, "अर्ध्या तिकिटात बसवायला पाहिजे तुम्हाला. अर्धाच बघता."

मग मागच्या ऑक्टोबरात, सोयाबीन काढणीच्या तोंडावर, अक्काचा फोन आला.

"ऐक. आमच्या गावात दोन सालामागं शूटिंग झाली व्हती का न्हाई? तो पिच्चर शुक्रवारी लागून राहिला. लातूरला बी अन् तुमच्या नांदेडला बी. तू शुक्रवारीच बघ अन् ग्रुपवर सांग."

"शनिवारी बघतो की."

"शुक्रवारी. रविवारी आमच्या भजनी मंडळाच्या सगळ्या बाया मोकळ्या हायत. तू चांगला म्हणलास तर हे जीप सांगतेत. दोन जीपा लागतील. सोमवारपासून सोयाबीन, मंग कोन हालत न्हाई."

"एवढं काय आहे त्या पिक्चरमध्ये?"

"काय न्हाई. गाव दिसतंय की आपलं." आणि फोन ठेवला.

खरी गोष्ट मला पाच दिवसांनी कळली, पण तुम्हाला आत्ताच सांगतो. त्या पिक्चरमध्ये अक्का होती. शूटिंगवाल्यांना मयताला रडणाऱ्या बाया पाहिजे होत्या. दाजी त्या दिवशी उदगीरच्या बाजाराला गेलेले. अक्का आणि तिची शेजारीण, जिला सगळं गाव काकू म्हणतं, दोघी जाऊन बसल्या आणि रडून आल्या. पुरुषांपैकी कुणाला पत्ता लागू दिला नाही. अक्काच्या मनात एकच होतं की दाजींना पिक्चरला न्यायचं, काही सांगायचं नाही, अंधारात शेजारी बसायचं, आणि एकदम पडद्यावर आपण यायचं. चाळीस वर्षांच्या संसारात दाजींना न विचारता तिनं केलेली ही एकच गोष्ट होती. ती तिनं फक्त लातूरला दिलेल्या लेकीला सांगितली होती. मला नाही. माझ्या पोटात काही राहत नाही असं तिचं मत आहे, आणि ते तिनं मला पूर्ण बघून बनवलेलं आहे.

शुक्रवारी मी शाळेतून अर्धी रजा टाकून गेलो. थिएटरला दोन पडदे. दारावर जे चाचा असतात ते चाळीस वर्षं त्याच दारावर आहेत. हातातली बॅटरी गेली आणि मोबाईल आला, एवढाच फरक. त्यांनी माझं तिकीट बघितलं आणि मान हलवली.

"साब, इसमें चारीच जने हैं. दस हुए बगैर मशीन चालू नै करते."

"मग?"

"मग क्या, उसमें बैठ जाओ." त्यांनी दुसऱ्या पडद्याकडं बोट केलं. "उसमें फायटिंग है. एसी भी अच्छा है."

दहा माणसं नसली तर खेळ रद्द, हा आता आमच्याकडचा रिवाज आहे. मी दोन मिनिटं उभा राहिलो. माणसं गोळा होतात का बघितलं असं म्हणेन, पण खरं म्हणजे आतून ठोशांचे आवाज येत होते आणि माझं लक्ष तिकडं होतं. मी फायटिंगमध्ये जाऊन बसलो. मध्यंतराला समोसा खाल्ला आणि बाहेर आलो.

बाहेर चहाच्या टपरीवर बसलो तेव्हा आठवलं की अक्का वाट बघत असेल. आता सरळ माणसानं काय केलं असतं? "अक्का, आज खेळ झाला नाही, उद्या बघतो" म्हणाला असता. पण जाणकार माणसाला "बघितला नाही" म्हणणं फार जड जातं. समोर भिंतीवर पोस्टर होतं. त्यात एक म्हातारा, एक बैल, एक लिंबाचं झाड, मागं मावळता सूर्य. मला वाटलं, यात बघायचं काय राहिलं? फोन तोंडाशी धरला.

"राम राम मंडळी. आज गावाकडचा पिक्चर बघितला. लेकी-सुनांसोबत बघता येतो, वावगं काही नाही. पण बघण्यासारखंही काही नाही. पहिला अर्धा तास बैल चालतो. मग म्हातारा खोकतो. पिक्चरमधला म्हातारा खोकला की तो मध्यंतराच्या आत जाणार, हे काय सांगायला पाहिजे? तो जातो. मग बाया रडतात. त्यांचं तर विचारूच नका. भाड्यानं आणल्यासारख्या रडतात, एक डोळा कॅमेऱ्यावर. मधली तर अशी रडते, जशी हिची म्हैस हरवली. जीप-बिप सांगू नका. टीव्हीवर येईल तेव्हा चहा पीत बघा."

खोट्याला तपशील लागतो. म्हैस मी तपशील म्हणून घातली, आणि "मधली"सुद्धा. तीन बाया असतील तर एक मधली असणारच, एवढाच हिशेब होता माझा.

ग्रुपवर हसणारी तोंडं आली. उदगीरचा साडू म्हणाला, "वाचवलं राव तुम्ही." मी खूश. दाजींनी ते पारावर मोठ्या आवाजात लावून सगळ्या गावाला ऐकवलं, असं नंतर कळलं. दोन्ही जीपा रद्द झाल्या. संध्याकाळी अक्का ग्रुपमधून बाहेर पडली. मला वाटलं, चुकून बोट लागलं असेल, वय झालं तिचं.

मंगळवारी लातूरच्या भाचीचा फोन आला.

"मामा, एक विचारू का? आई तुम्हाला दिसलीच नाही, का दिसूनही तसं बोललात?"

"आई? कुठं दिसली?"

"पिक्चरमध्ये. मधली. म्हैस हरवलेली."

माझ्यासमोरची शाळेची हजेरीची वही टेबलावर तशीच राहिली. भाचीनं सगळं सांगितलं. अक्का चार दिवस नीट जेवली नव्हती. भाचीला म्हणाली होती, "सख्ख्या भावानं वळखून असं म्हणलं, मंग ह्यांनी काय म्हणावं? बरं झालं गेलो न्हाई."

आता इथं तरी मी खरं बोलायचं. पण माझी जीभ माझ्या आधी धावते. मी म्हणालो, "अगं दिसली की! लगेच ओळखली. म्हणून तर थट्टा केली. सख्ख्या बहिणीची थट्टा नाही करायची तर कुणाची? मस्त दिसत होती. हिरवं लुगडं शोभत होतं."

 मग भाची म्हणाली, "मयताला हिरवं लुगडं, मामा?" आणि तिनं फोन ठेवला.

संध्याकाळी बायकोला सांगितलं. मला वाटलं होतं ती हसेल. ती भाकरी थापत होती, थांबली. म्हणाली, "त्यांनी तुम्हाला लहानाचं मोठं केलं. आणि तुम्ही पोस्टर बघून त्यांना म्हैस हरवलेली केली." मग परत थापायला लागली. "उद्या पहिली बस धरा. पेढे नेऊ नका. पेढे नेले की तुम्हाला वाटतं, काम झालं."

बुधवारी रजा टाकली. लोहा, अहमदपूर, चाकूर. सबंध वाटेत मी डोक्यात सबबी जुळवत होतो आणि एक एक टाकून देत होतो. चाकूरला उतरून गावाकडच्या जीपमध्ये बसलो तर ड्रायव्हरनं ओळखलं. "तुम्ही पिच्चरवाले मामा ना? त्या म्हशीवर लई हसलो राव."

लहानपणी जत्रेत तंबूची टॉकीज यायची, तेव्हा अक्का मला काखेत घेऊन जायची. मी अर्ध्यात झोपायचो. परत येताना बैलगाडीत ती मला राहिलेला अर्धा सांगायची, आणि शाळेत मी पूर्ण पिक्चर पाहिल्यासारखा सांगायचो. म्हणजे धंदा जुनाच. फक्त तेव्हा उरलेला अर्धा खरा असायचा.

अक्का अंगणात शेंगा निवडत होती. ती डावखुरी आहे. डाव्या हातानं निवडते, डाव्या हातानं भाकरी थापते, आणि लहानपणी मला चापट मारली तीही डाव्याच हातानं. वर न बघता म्हणाली, "बस. चहा टाकते."

"अक्का, ते मी ग्रुपवर..."

"तू पाह्यलास का पिच्चर?"

"म्हणजे, अक्का..."

"कारण मला डायरेक्टर म्हणला व्हता, बाई, पदर हनुवटीपातुर ओढून घ्या, तोंड दिसू देऊ नका. तिघींनी बी ओढून घेतला. चार दिस मला ह्येच कळंना, की तुला डोळा कुठून दिसला. तो कॅमेऱ्यावरचा."

मी म्हणालो, "पदरातून." खरंच म्हणालो. माणूस किती खाली जाऊ शकतो याची मला त्या दिवशी कल्पना आली.

अक्कानं हातातली शेंग सुपात टाकली आणि पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं.

"न्हाई पाह्यला," मी म्हणालो. "एक मिनिट पण नाही. त्या दिवशी दहा माणसं जमली नाहीत, खेळ झालाच नाही. मी पोस्टर बघून बोललो."

मला वाटलं होतं, आता ती रडेल. तिनं सूप बाजूला सारलं. मग म्हणाली, "अन् तो भुताचा?"

"मध्यंतरापर्यंत."

"अन् तो कॉफीवाला? त्यात शेवटी नवरा-बायको एक व्हतेत का?"

"माहीत नाही अक्का."

"तो राजाचा?"

"अर्धा."

"आरं, तुझ्या भरवशावर आम्ही किती पिच्चर सोडले रं!" ती उठून उभी राहिली. "जाऊबाईला तो देवाचा पिच्चर बघायचा व्हता. तू म्हणलास, देव नुसता उभा राहतो. तो बी न्हाई पाह्यलास?"

"देव मध्यंतरापर्यंत उभाच होता."

ती हसली असती तर मला सुटल्यासारखं झालं असतं. ती हसली नाही. म्हणाली, "काकू रोज इचारते, जीप कधी. तिला काय सांगू? तिनं नवं लुगडं काढून ठेवलं व्हतं."

भाचीला फोन लावून विचारलं. लातूरला शनिवारी, रविवारी, सोमवारी दहा माणसं भरली नव्हती. तिन्ही दिवस खेळ झाला नाही. रविवारच्या दोन जीपांत वीस जण आले असते. मंगळवारी कसाबसा झाला. उद्या गुरुवार, शेवटचा दिवस, दुपारी साडेबाराचा एकच खेळ, आणि शुक्रवारी पिक्चर उतरणार.

मी तिथंच अंगणात उभा राहून फोन तोंडाशी धरला. या वेळी तपशील घातला नाही.

"मंडळी, मी तो गावाकडचा पिक्चर पाहिलेला नाही. पाहिला म्हणून सांगितलं ते खोटं होतं. याआधीचेही बरेच अर्धेच पाहिलेत. देगलूरच्या लेकरांची माफी मागतो. उद्या साडेबाराला लातूरला शेवटचा खेळ आहे. दहा माणसं नसतील तर होणार नाही. ज्याला जमेल त्यानं यावं."

अक्का त्यात आहे हे सांगितलं नाही. तेवढं एक तिचं शिल्लक होतं, ते मला मोडायचं नव्हतं.

ग्रुपवर हसणारी तोंडं आली नाहीत. काहीच आलं नाही. बऱ्याच वेळानं देगलूरच्या चुलतभावानं लिहिलं, "मला वाटलंच होतं."

दाजी संध्याकाळी रानातून आले. मी पाया पडलो. म्हणाले, "पाव्हणं, पारावर मी तुमचं लावून दाखवलं. माझी बी अब्रू गेली की राव." मग पाय धुताना म्हणाले, "उद्या मळणीयंत्र येनार हाय. चार दिवसांनी नंबर लागलाय. कसं सोडायचं?"

अक्का आतून म्हणाली, "दोघांनी जाऊ. पोरगा बघंल."

"तुला एवढं काय हाय त्या पिच्चरचं?"

"गाव दिसतंय आपलं."

दाजींनी माझ्याकडं बघितलं. मी अंगणातल्या लिंबाच्या झाडाकडं बघितलं.

काकूच्या घरी मीच गेलो. ती साठीची, बारकी, बोलताना तोंडावर हात धरणारी. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "उद्या आमच्याच रानात आधी यंत्र येनार. दोन गडी, एक मी. मी न्हाई आले तर यंत्र पुढच्या रानात जातंय." मग म्हणाली, "रविवारी मोकळी व्हते बाबा." यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

गुरुवारी लातूरला पोचलो तेव्हा आम्ही चौघं होतो. अक्का, दाजी, एक जाऊबाई आणि मी. भाची आणि जावई आले, सहा झाले. उदगीरचा साडू आला. मला न बघितल्यासारखं करून रांगेत उभा राहिला, पण आला. सात. सव्वाबारा वाजले. तिकीटखिडकीवरचा माणूस म्हणाला, "दहा झाले तरच बरं का काका."

मी रस्त्यावर आलो. लातूरला क्लासच्या गल्ल्यांमध्ये दुपारी आईबाप बसलेले असतात. गावाकडून डबा घेऊन आलेले, पोरीची टेस्ट सुटायची वाट बघत, कुठं पायरीवर, कुठं सावलीला. तसे एक नवरा-बायको बसले होते. मी म्हणालो, "दादा, पिक्चर बघता का? माझ्याकडून."

त्यांनी माझ्याकडं संशयानं बघितलं. "कामून?"

"आत एसी आहे. तुमची पोरगी किती वाजता सुटते?"

"तीनला."

"तीनच्या आत संपतो," मी म्हणालो. संपतो की नाही मला माहीत नव्हतं. पण ही थाप आहे हे लक्षात आलं आणि मी म्हणालो, "थांबा, विचारून येतो." पळत जाऊन विचारून आलो. पावणेतीनला संपत होता. सांगितलं. बाई म्हणाली, "पिच्चर कसा हाय?"

या प्रश्नाला आयुष्यात पहिल्यांदा मी म्हणालो, "माहीत नाही बाई. मी पाहिलेला नाही."

दोघं उठले. नऊ. दहावं माणूस मिळेना. शेवटी दाजी म्हणाले, "आपला जीपवाला काय बाहेर झोपून राहिलाय, त्याला बलवा की." दहा.

अंधार झाला. मी अक्काच्या डावीकडं, दाजी उजवीकडं. पहिला अर्धा तास बैल चालला. माझी हिंमत होईना कुणाकडं बघायची. मग म्हातारा खोकला. साडूनं पुढच्या रांगेतून मागं वळून माझ्याकडं बघितलं. अक्काचा हात खुर्चीच्या दांडीवर गच्च होता.

मग अंगण आलं. अक्काच्या गावचंच, मला ते पारामागचं घर ओळखू आलं. तीन बाया बसलेल्या, पदर हनुवटीपर्यंत. सगळ्या सारख्याच. मी डोळे ताणून बघायला लागलो. उजवीकडची मला अक्का वाटली, कारण तिचा खांदा हलत होता. मी तिच्यावरच नजर ठेवली. ती मोठ्यानं रडत नव्हती. खांदा हलायचा, थांबायचा, परत हलायचा, आणि मधेच तिनं पदराच्या आतून हात नेऊन तोंडावर धरला. मला वाटलं, वा अक्का!

तेवढ्यात दाजी खुर्चीत पुढं सरकले.

"आगं," ते म्हणाले.  पडद्यावर मधली बाई जमिनीवर हात आपटत होती. डावा हात.

"ही तर तू हायस."

अक्कानं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"डाव्या हातानं कोन आपटतंय अख्ख्या गावात?" दाजींचा आवाज चढला. क्लासवाले आईबाप मागं वळले. "कधी गं? ...उदगीरच्या बाजाराच्या दिवशी व्हय?"

"हाव."

"अन् मला म्हणलीस, डोकं दुखत व्हतं म्हणून स्वयपाक न्हाई केला."

"रडून दुखतच व्हतं की."

दाजी बराच वेळ पडद्याकडं बघत राहिले. अंगण गेलं होतं, परत बैल आला होता. मग माझ्या बाजूला वाकून म्हणाले, "पाव्हणं, म्हैस हरवल्यासारखी कुठं रडत व्हती वो? माझी आई गेली तवा हुबेहूब अशीच रडली व्हती ही." आणि उपरण्यानं तोंड पुसलं.

मध्यंतर झालं. सवयीनं मी उठलो. अक्कानं सदरा धरून खाली बसवलं. "कुठं? बस गपचिप." समोसा नाही, काही नाही. हळूच तिनं विचारलं, "वळखलं का मला?"

माझ्या जिभेवर "लगेच!" आलं होतं. मी ते गिळलं. "नाही अक्का. मी उजवीकडची समजलो."

"ती काकू हाय," अक्का म्हणाली. "डावीकडची शूटिंगवाल्यांनी आणली व्हती. तिला रडू येईना. ती तेवढी तू म्हणतोस तशी."

उरलेला अर्धा पिक्चर मी जागा राहून पाहिला. कसा होता ते ग्रुपवर सांगितलं नाही. आता कुणी विचारतही नाही. दाजी स्वतःच बघतात आणि स्वतःच सांगतात, आणि अक्का ग्रुपवर परत आली आहे. दिवाळीला गेलो तेव्हा दाजी पाराजवळून जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून डावा हात जमिनीवर आपटून दाखवत होते.

शुक्रवारी तो पिक्चर उतरला. टीव्हीवर आला नाही, फोनवर आला नाही. मी शोधत असतो. नांदेडच्या चाचांनाही विचारलं. ते म्हणाले, "साब, ऐसे पिच्चर एक बार गए तो गए."

काकूनं तो पाहिलेला नाही. मी गावात गेलो की ती येते, उंबऱ्यापाशी बसते आणि तोंडावर हात धरून विचारते, "मी दिसले का रं?" मग मी सांगतो. खांदा कसा हलायचा, कसा थांबायचा, पदराच्या आतून हात कसा नेला. माझ्या चुकीमुळं त्या दहा माणसांत फक्त मीच तिच्याकडं बघत होतो, म्हणून मला सगळं आठवतं. त्यात मी एक अक्षर पदरचं घालत नाही. ती मन लावून ऐकते, मधेच म्हणते, "हात नेला? मला न्हाई आठवत."

मग जाताना विचारते, "परत कधी लागंल?"